तोस्कानाच्या पांढऱ्या वाटा

गेल्या वीस वर्षांत युरोप-अमेरिकेत सायकलस्वारांचा एक नवा पंथ निघाला आहे. डांबरी हमरस्ता ह्या मंडळींना नको असतो. मोटारींची गर्दी तर नकोच नको. खडीच्या आणि मुरमाच्या वाटेने नदीचे खोरे धरून जावे, टेकडी चढावी, माथ्यावरचा जुना कोट पाहावा आणि पलीकडच्या खोऱ्यात उतरावे, असा त्यांचा क्रम. त्यासाठी कारखानदारांनी खास सायकलीही काढल्या आहेत. त्यांना चाळीस मिलिमीटर रुंदीचे टायर, चकतीचे ब्रेक आणि खड्या चढासाठी हलके गिअर असतात. ह्या प्रकाराला इंग्रजीत ‘ग्रॅव्हेल’, म्हणजे खडी, असे साधे नाव आहे. २०२२ साली त्याची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा इटलीच्या व्हेनेतो प्रांतात झाली. तिचा शेवट चित्तादेल्ला ह्या तेराव्या शतकातील वर्तुळाकार तटबंदीच्या गावी होता, हा योगायोग मोठा बोलका आहे.

परंतु ही गोष्ट नवी कितपत आहे? सायकल जन्मली तेव्हा डांबर कोठे होते? २ फेब्रुवारी १८७० रोजी फ्लॉरेन्स ते पिस्तोइया अशी तेहतीस किलोमीटरांची शर्यत झाली. ती जिंकणाऱ्या व्हान हेस्त नावाच्या तरुणाला दोन तास बारा मिनिटे लागली आणि बक्षिसांत त्याला चक्क एक रिव्हॉल्व्हर मिळाले. त्या दिवशीच्या लाकडी चाकांखाली धूळ, चिखल आणि खडीच होती. पुढे साठ-सत्तर वर्षे युरोपातील बहुतेक मोठ्या शर्यती अशाच रस्त्यांवर झाल्या. तेव्हा नव्या पंथाने शोध लावला असे म्हणण्यापेक्षा टाकून दिलेली जुनी वाट पुन्हा धरली, असे म्हणणे अधिक न्याय्य होईल. ही वाट सर्वांत चांगली कोठे टिकली असेल, तर ती तोस्काना प्रांतात, सिएना नगराच्या भोवती.

सिएनाच्या उत्तरेस कियांतीच्या डोंगररांगा, दक्षिणेस चिकणमातीच्या उघड्याबोडक्या टेकड्या आणि त्यांच्याही पलीकडे ओर्चा नदीचे खोरे. आर्बिया आणि ओर्चा ह्या दोन्ही नद्या शेवटी ओम्ब्रोने नदीला मिळतात. उन्हाळ्यात ह्या नद्या इतक्या रोडावतात की, त्यांच्या नावाने इतिहास घडला असेल यावर विश्वास बसत नाही. येथील रस्त्यांना ‘स्त्रादे बियांके’, म्हणजे पांढऱ्या वाटा, म्हणतात. जवळच्याच खाणींतला चुनखडीचा दगड फोडून तो अंथरायचा आणि दाबायचा, एवढीच त्यांची बांधणी. ऊन पडले की, वाट खडूच्या रेघेसारखी चमकते. पाऊस झाला की, तिचा करडा रेंदा होतो. ह्या वाटा पुष्कळदा खोऱ्यातून न जाता टेकड्यांच्या कण्यावरून जातात. खालची चिकणमाती पावसाळ्यात सरकते, कणा मात्र कोरडा राहतो. म्हणूनच किल्लेही कण्यावर आणि वाटाही कण्यावर. आजचा सायकलस्वार चढ आणि उतार यांनी घायकुतीस येतो तो ह्या जुन्या शहाणपणामुळेच!

ह्या वाटांचे सर्वांत सुंदर दप्तर एका भिंतीवर आहे. सिएनाच्या नगरसभागृहात आंब्रोज्यो लोरेंझेत्ती ह्या चित्रकाराने १३३८-३९ मध्ये सुराज्य आणि कुराज्य यांची भित्तिचित्रे काढली. सुराज्याच्या चित्रात नगराच्या वेशीतून एक वाट टेकडी उतरून खोऱ्यात जाते. सरदार मंडळी ससाणा घेऊन शिकारीस बाहेर पडत आहेत. त्याच वाटेने शेतकरी धान्याची पोती लादलेली जनावरे हाकीत आत येत आहेत. एकाने पांढऱ्या पट्ट्याचे काळे डुक्कर चालविले आहे. वर आकाशात सुरक्षितता ही पंख असलेली देवता तरंगते आहे. तिच्या एका हाती लेख असून त्यात वाटसरूला निर्भयपणे चालण्याचे आश्वासन आहे. दुसऱ्या हाती मात्र फासाचा खांब, आणि त्याला लटकलेला चोर. चौदाव्या शतकातील व्यापारी नगराचे रस्त्याविषयीचे तत्त्वज्ञान ह्याहून उघडपणे कोणी सांगितले असेलसे वाटत नाही. रस्ता सुरक्षित, तर राज्य सुराज्य. समोरच्या भिंतीवर कुराज्याचे चित्र आहे. तेथील शेते उजाड आहेत. ही चित्रे पुरी झाल्यावर दहा वर्षांच्या आतच, १३४८ साली, प्लेगच्या साथीने सिएनात हाहाकार केला. चित्रकारही त्यातच गेला असावा, असे मानले जाते.

सिएना आणि फ्लॉरेन्स यांचे वैर पिढ्यान् पिढ्यांचे. कियांतीची सीमा कोणती, यावर ते सदैव धुमसत असे. ह्या सीमेविषयी एक लोककथा आहे. कोंबडा आरवताच दोन्ही नगरांतून एकेक घोडेस्वार निघेल आणि जेथे त्यांची गाठ पडेल तेथे सीमा मानावी, असे ठरले. सिएनाकरांनी पांढरा कोंबडा निवडून त्याला खाऊपिऊ घालून गुबगुबीत केला. फ्लॉरेन्सकरांनी काळा कोंबडा अंधारात उपाशी ठेवला. भुकेला काळा कोंबडा उजाडण्यापूर्वीच आरवला आणि फ्लॉरेन्सचा स्वार सिएनापासून अवघ्या बारा किलोमीटरांवर येऊन पोचला. वस्तुतः सीमा ठरली ती १२०३ साली पोज्जिबोन्सी येथील लवादाने. परंतु पुढे कियांतीच्या संघाने काळा कोंबडा आपल्या निशाणावर घेतला आणि आज त्या भागातील मद्याच्या बाटलीवरही तोच उभा असतो. इतिहासाने लवाद लक्षात ठेवला, लोकांनी कोंबडा!

लवादाने वैर मिटले नाही. सिएनाने आपल्या सरहद्दीवर १२१३ च्या सुमारास मोंतेरिज्जोनीचा कोट उभारण्यास घेतला. त्याचे चौदा बुरुज एका टेकाडावर मुकुटासारखे उभे आहेत. दांतेने आपल्या महाकाव्यात नरकातील राक्षसांना ह्या बुरुजांची उपमा दिली आहे. ४ सप्टेंबर १२६० रोजी आर्बिया नदीकाठी मोंतापेर्ती येथे फ्लॉरेन्सचे मोठे सैन्य आणि सिएनाची फौज यांची गाठ पडली. सिएनाच्या मदतीस मानफ्रेद राजाचे जर्मन घोडेस्वार होते. संख्येने कमी असूनही सिएना जिंकली. फ्लॉरेन्सच्याच गोटातील बोक्का देल्यी आबाती ह्या सरदाराने ऐन वेळी आपल्या निशाणदाराचा हात तोडला, अशी कथा आहे. दांतेने त्याला नरकाच्या तळाशी बर्फात गाडून टाकले आणि आर्बियाच्या रक्ताळलेल्या पाण्याचाही उल्लेख केला. आज ह्या रणभूमीच्या आसपास द्राक्षमळे आहेत आणि सुरूच्या झाडांनी वेढलेले एक छोटे स्मारक आहे.

कियांतीच्या दक्षिण टोकाला ब्रोलिओचा किल्ला आहे. ११४१ पासून तो रिकासोली घराण्याकडे आहे, म्हणजे जवळजवळ नऊशे वर्षे. हा फ्लॉरेन्सचा सीमेवरचा पहारेकरी. त्यामुळे सिएनाचे सैन्य त्यावर पुनःपुन्हा चालून येई. १४७८ च्या युद्धात तो पाडण्यात आला, आणि थोड्याच वर्षांत तोफांचा मारा सोसतील असे कोनदार बुरुज देऊन तो पुन्हा बांधला गेला. परंतु पाहुण्याच्या डोळ्यांत भरतो तो तांबड्या विटांचा, कमानींचा आणि कंगोऱ्यांचा वाडा. तो मुळी मध्ययुगातला नाहीच. बेत्तीनो रिकासोली ह्या सरदाराने एकोणिसाव्या शतकात तो जुन्या शैलीत बांधविला. हा बेत्तीनो मोठा करारी गृहस्थ. काव्हूरच्या मृत्यूनंतर १८६१ साली तो एकसंध इटलीचा दुसरा पंतप्रधान झाला, आणि १८७२ साली त्याने कियांती मद्याचे द्राक्षांचे प्रमाण एका पत्रात लिहून ठेवले. त्याचे राजकारण विसरले गेले, मद्य राहिले.

सिएनाचा शेवट फार करुण झाला. १५५४ च्या आरंभी सम्राट पाचवा चार्ल्स आणि फ्लॉरेन्सचा ड्यूक कोझिमो यांच्या सैन्यांनी नगराला वेढा घातला. फ्रेंच सेनानी मोंल्युक आत बचाव करीत होता. दाणागोटा संपत आला तेव्हा लढण्याच्या उपयोगी नसलेली माणसे, म्हणजे म्हातारेकोतारे, बायका आणि मुले, यांना वेशीबाहेर काढण्यात आले. वेढा घालणारे त्यांना पुढे जाऊ देईनात, आतले परत घेईनात. दोन्ही सैन्यांच्या मधल्या शेतांत गवत आणि मुळे खात त्यांतील पुष्कळ जण मेले. लोरेंझेत्तीच्या चित्रातली वेस ती हीच आणि ते शेतही तेच. एप्रिल १५५५ मध्ये नगर पडले. तेव्हा काही अभिमानी कुटुंबे दक्षिणेकडे, ओर्चा खोऱ्याच्या कडेला असलेल्या मोंताल्चिनो ह्या डोंगरी गावी गेली. तेथे १३६१ साली सिएनानेच बांधलेला पंचकोनी किल्ला होता. त्याच्या आश्रयाने त्यांनी ‘मोंताल्चिनोतील सिएनाचे प्रजासत्ताक’ स्थापिले, स्वतःची नाणी पाडली आणि चार वर्षे तग धरली. १५५९ च्या तहाने तेही संपले. आजही सिएनात घोड्यांच्या शर्यतीपूर्वी जी मिरवणूक निघते, तीत मोंताल्चिनोच्या निशाणाला मानाचे स्थान असते.

राज्ये संपली आणि किल्ले शेतमालकांचे वाडे बनले. ह्यापुढचा ह्या वाटांचा इतिहास राजांचा नाही, कुळांचा आहे. तोस्कानात शतकानुशतके अर्धेलीची शेती चाले. जमीन आणि घर मालकाचे, अंगमेहनत कुळाची, आणि पीक निम्मे निम्मे. प्रत्येक कूळ आपल्या शेतावरच राहत असे. त्यामुळे गावाबाहेर टेकडीटेकडीवर घरे झाली आणि प्रत्येक घराला एक पांढरी वाट लागली. आज चित्रपत्रिकांतून दिसणारे ते एकाकी घर, सुरूची दोन झाडे आणि वळत गेलेला रस्ता, हे सारे अर्धेलीचे अपत्य आहे. हे दृश्य जितके रम्य, तितके आतले जिणे रम्य नव्हते. एका घरात तीन पिढ्या, खाली गोठा, वर माणसे आणि मालकाच्या कारभाऱ्याचा हिशेब. मालकाच्या संमतीवाचून घरातल्या मुलाचे लग्नही ठरत नसे, अशी अनेक ठिकाणची चाल होती. दुसऱ्या महायुद्धानंतर तरुण कारखान्यांकडे निघाले. १९६४ साली कायद्याने नवे अर्धेलीचे करार करण्यास बंदी केली, तोवर अर्धी घरे ओस पडू लागली होती. ज्या वाटेने पिढ्यांनी धान्याची निम्मी रास मालकाच्या कोठारात पोचविली, त्याच वाटेने त्यांचे बिऱ्हाडही गेले.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. तोस्कानाची सर्वांत प्रसिद्ध नागमोडी वाट, सुरूंच्या दुहेरी रांगेने टेकडी चढणारी, ओर्चा खोऱ्यात ला फोचे येथे आहे. पुष्कळांना ती दांतेच्या काळची वाटते. वस्तुतः ती विसाव्या शतकातली आहे. इरिस ओरिगो ही लेखिका आणि तिचे पती यांनी १९२० नंतरच्या दशकात ती ओसाड जमीन घेऊन लागवडीस आणली, तेव्हा ती वाट आखली गेली. २००४ साली ओर्चा खोऱ्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. जुने जसेच्या तसे कोठेच राहत नसते. कोणीतरी ते पुनःपुन्हा करीत असतो, तेव्हा ते दिसते.

युद्धोत्तर भरभराटीत खेडोपाडी डांबर आले आणि पांढऱ्या वाटा एकेक करून काळ्या होऊ लागल्या. १९९७ साली जानकार्लो ब्रोच्ची नावाच्या सायकलवेड्या गृहस्थाने कियांतीतील गायोले गावी ‘एरोइका’ नावाची एक सायकलयात्रा भरविली. ह्या वाटा वाचाव्यात आणि जुन्या सायकलीची आठवण राहावी, हा त्याचा हेतू. पहिल्या वर्षी ९२ जण जमले. नियम असा की, सायकल १९८७ पूर्वीची हवी. गिअरची कळ खालच्या नळीवर, पायांना चामडी पट्टे, ब्रेकच्या तारा बाहेर. सर्वांत लांब मार्ग २०९ किलोमीटरांचा. पहाटेच्या अंधारात ब्रोलिओच्या चढावर दुतर्फा दिवे लावलेले असतात आणि वाटेत पाव, कडधान्याची दाट पेज आणि थोडे मद्य मिळते. पुढे सहस्रावधी लोक देशोदेशींहून येऊ लागले. २००७ साली ह्याच वाटांवर व्यावसायिकांची शर्यत सुरू झाली. ती ‘स्त्रादे बियांके’ ह्याच नावाने गाजली. तिचा अखेरचा चढ सिएनाच्या संत कातेरिनाच्या नावाच्या गल्लीतून आहे. पोपना आव्हिन्योंहून रोमला परत येण्याचा आग्रह करणारी ती चौदाव्या शतकातील संत जवळच्याच वस्तीत, एका रंगाऱ्याच्या घरी जन्मली होती. अरुंद, दगडी, अंगावर येणारा तो चढ चढताना भल्याभल्यांचे पाय गळतात. फाबियान कांचेल्लारा हा स्विस स्वार तीनदा जिंकला, म्हणून खडीच्या एका टप्प्याला त्याचे नाव देण्यात आले. मध्ययुगात सरदाराला किल्ला मिळत असे. आता साडेअकरा किलोमीटरांची धूळ मिळते.

ह्या सगळ्या कौतुकात एक कडवटपणा आहे, तो झाकण्याचे कारण नाही. पाहुण्याला खडी गोड वाटते, कारण तो संध्याकाळी गरम पाण्याने अंघोळ करून निघून जातो. ज्याला रोज त्या वाटेने मुलाला शाळेत किंवा आजाऱ्याला दवाखान्यात न्यायचे असते, त्याने डांबर मागितले तर त्याला अरसिक कसे म्हणावे? पण उलट बाजूही खरी आहे. कुळे गेल्यावर ह्या वाटांना वालीच उरला नव्हता. चाकांखाली नसती, तर त्यांतील पुष्कळशा काटेरी झुडपांखाली गडप झाल्या असत्या.

तोस्कानाच्या सायकलस्वारांत जीनो बार्तालीचे नाव सर्वांत आदराने घेतले जाते. १९१४ साली फ्लॉरेन्सजवळ तो जन्मला आणि फ्रान्सची मोठी शर्यत त्याने दोनदा, १९३८ आणि १९४८ साली, जिंकली. स्वभावाने हट्टी, श्रद्धेने कॅथलिक, बोलण्यात तिरसट. युद्धकाळात सरावाच्या मिषाने त्याने फ्लॉरेन्स-आसिसी मार्गावर फेऱ्या केल्या आणि छळ होणाऱ्या यहुदी लोकांसाठी बनविलेली खोटी ओळखपत्रे सायकलीच्या नळीत दडवून पोचविली, असे सांगतात. तपशिलाविषयी इतिहासकारांत वाद आहे. तथापि २०१३ साली इस्राएलच्या याद वाशेम संस्थेने त्याचा मरणोत्तर गौरव केला. हयातीत त्याने ह्याविषयी जवळजवळ मौन पाळले होते.

त्याच युद्धात ह्या खोऱ्यांतून आणखी काही माणसे चालत गेली. ३ जुलै १९४४ रोजी फ्रेंच सैन्याने सिएना घेतले. त्यानंतर फ्लॉरेन्सकडे सरकणाऱ्या फौजांत ८ वी भारतीय डिव्हिजन होती, आणि तिच्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण. माघार घेणारे जर्मन पूल उडवीत, वाटांत सुरुंग पेरीत मागे जात होते. मोंतेस्पेर्तोलीजवळ मोंतेगुफोनी नावाचा एक मध्ययुगीन किल्ला आहे. जुलैअखेर भारतीय सैनिक तेथे पोचले तेव्हा आत भिंतींना टेकून ठेवलेली चित्रे आढळली. फ्लॉरेन्सच्या संग्रहालयांनी बाँबच्या भीतीने हलविलेला तो ठेवा होता. बोत्तिचेल्लीचा ‘वसंत’, उच्चेल्लोचे सान रोमानोचे युद्ध, जोत्तोची सिंहासनस्थ पवित्र मरिया, अशी ती चित्रे. आणि त्यांवर पहारा कोणाचा, तर भारतीय जवानांचा.

पूर्वेकडे तीबर नदीच्या वरच्या खोऱ्यात १० वी भारतीय डिव्हिजन लढत होती. १० जुलै १९४४ रोजी मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीतील नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीवर मशीनगनचा जवळून मारा झाला. ते सोडून बाकीचे सारे पडले, कोणी ठार, कोणी जखमी. घाडगे एकटेच धावून गेले. बाँब टाकून त्यांनी मशीनगन बंद पाडली आणि मोर्चातील शेवटच्या दोघा शत्रूंशी झोंबी घेऊन ठाणे घेतले. इतक्यात लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते कोसळले. माणगाव तालुक्यातील हा तरुण त्या वेळी अवघा बावीस वर्षांचा होता. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढच्या एप्रिलात सेनिओ नदीवर पहिल्या पलटणीतील नामदेव जाधव यांनी तोच सन्मान मिळविला, आणि ते जिवंत परतले. ज्या रेजिमेंटचे हे दोघे, तिचे केंद्र बेळगावास आहे. त्यामुळे ही नावे सीमाभागात परकी नाहीत.

त्या खोऱ्याच्या काठी, टेकडीच्या माथ्यावर, मोंतोने नावाचे तटबंदीचे गाव आहे. पंधराव्या शतकात ब्राच्चो ह्या भाडोत्री सेनानीमुळे त्याचे नाव इटलीभर गाजले. २०२३ च्या जुलैत त्या गावाने नाईक घाडगे यांचे स्मारक उभारले. ते सूर्यघटिकेच्या रूपात आहे. तीबरच्या काठाने येणारी सायकलस्वारांची वाट खोऱ्यातून वळते आणि चढत चढत ह्याच गावाकडे येते.